रियाझ, जिक्र आणि माहीमची एक गल्ली : उस्ताद झाकीर हुसेन कसे घडले?

15 डिसेंबर 2024 रोजी उस्ताद झाकीर हुसेन यांचे सॅन फ्रान्सिस्को येथे निधन झाले. वय 73. त्या दिवसांत आपल्या मोहल्ल्यांत, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये दोन प्रकारचे मेसेज फिरत होते. एकात लिहिलेले असायचे, "आपला माणूस गेला, जगात नाव केले." दुसऱ्यात विचारलेले असायचे, "पण तबला वाजवणाऱ्याच्या दीनदारीबद्दल काय बोलायचे?" दोन्ही मेसेज पाठवणारे आपलेच. कधीकधी तर एकाच घरातले, बाप एका बाजूला आणि मुलगा दुसऱ्या बाजूला.

या लेखात फतवा द्यायचा नाही. तो माझा अधिकारही नाही. मुंबईसारख्या धावपळीच्या शहरात एक मुसलमान कलावंत आपली कला आणि आपले रूहानी जीवन कसे सांभाळतो, त्याचा रोजचा दिवस कसा असतो, एवढे समजून घेऊ. मत बनवायचे असेल तर आधी माहिती हवी.

एका शब्दापासून सुरुवात

तबला शिकणारी मुले "रियाझ करतो" म्हणतात. रियाझ म्हणजे सराव, एवढाच अर्थ आपण घेतो. मुळात हा शब्द अरबीतल्या "रियाज़त"चा आहे. रियाज़त म्हणजे कष्टाने लावलेली सवय. अडेल घोड्याला वळण लावणे, तसे स्वतःच्या नफ्सला वळण लावणे. सुफी बुजुर्ग रात्रीच्या इबादतीला, रोज्यांना, एकांताला रियाज़त म्हणत. उर्दू शाळेत शिकलेल्यांना आणखी एक गंमत आठवेल. गणित विषयाला आपण "रियाज़ी" म्हणतो. म्हणजे नफ्सची शिस्त, कलेचा सराव आणि आकड्यांचा हिशोब हे तिन्ही शब्द एकाच घरातले.

तबल्यात हे तिन्ही एकत्र येतात. सगळ्यांना ठाऊक असलेला तीनताल घ्या. सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग. पहिली मात्रा म्हणजे सम, नववी मात्रा म्हणजे खाली. वादक कितीही लांब फिरून आला तरी त्याला समेवर बरोबर पोहोचावे लागते. एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर उतरणे, त्याला तिहाई म्हणतात. हा सगळा हिशोब मनात चालतो, हात फक्त हुकूम पाळतात.

तसबीह फिरवणाऱ्याला हे लगेच कळेल. एकेक दाणा सरकत जातो आणि बोट शेवटी "इमाम" नावाच्या लांब दाण्यापाशी येते. तिथून पुन्हा सुरुवात. तबला आणि तसबीह एकच आहेत असे म्हणायचे नाही. पण तेच ते पुन्हा पुन्हा करताना कंटाळा न येता मन अधिक हजर राहायला लागते, ही गोष्ट जिक्र करणाऱ्यालाही माहीत असते आणि रियाझ करणाऱ्यालाही.

जम्मूहून मुंबईपर्यंत

झाकीरभाईंचे वडील उस्ताद अल्लारखा यांचा जन्म 1919 मध्ये जम्मूजवळच्या फगवाल गावात झाला. तबल्याचा नाद असा लागला की बाराव्या वर्षी घर सोडले आणि पंजाब घराण्याचे मियाँ कादर बख्श यांच्याकडे ते शागीर्द झाले. पतियाळा घराण्याचे उस्ताद आशिक अली खाँ यांच्याकडे गाणेही शिकले. पंजाब घराण्याचा तबला पखवाजाच्या जवळचा. त्यात लयीचा हिशोब अवघड, बोल भारदस्त. अकरा, तेरा, पंधरा अशा विषम मात्रांच्या तालात अल्लारखा इतक्या सहज फिरत की ऐकणारा बोटे मोडून मात्रा मोजत राही.

तरुणपणी ते लाहोर, दिल्ली करत 1940 मध्ये मुंबईला आले. का आले? रोजीसाठी. पूर्वी गवयाला, वादकाला राजा-नवाबाचा आसरा असे. विसाव्या शतकात हे दरबार एकेक करून संपत गेले. त्यांची जागा रेडिओ, ग्रामोफोन कंपन्या आणि सिनेमा यांनी घेतली. ही तिन्ही कामे मुंबईत मिळत. त्यामुळे उत्तर हिंदुस्थानातली किती तरी उस्ताद मंडळी सतरंजी-तंबोरा बांधून या शहरात आली. भेंडीबाजारात तर एक अख्खे गायकीचे घराणे त्या मोहल्ल्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

अल्लारखा आकाशवाणीत नोकरीला लागले. मग चित्रपटांना संगीत देऊ लागले. तिथे नाव लावले ए. आर. कुरेशी. 1952 च्या "बेवफा" या राज कपूर, नर्गिस, अशोक कुमार यांच्या चित्रपटाचे संगीत त्यांचेच. पुढे मात्र सिनेमाचे काम मागे पडले आणि पंडित रविशंकर यांच्यासोबतची जोडी जगभर गाजली. 1967 चा मॉन्टेरी महोत्सव, 1969 चे वुडस्टॉक, 1971 मध्ये न्यूयॉर्कला झालेला बांगलादेशच्या मदतीचा कार्यक्रम, या तिन्ही ठिकाणी तबल्यावर तेच होते.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवावी. त्या काळी साथीदाराला मंचावर मागे बसवत, जाहिरातीत त्याचे नावही बारीक अक्षरात येई. अल्लारखांनी तबला पुढे आणला. रेडिओवर एकल तबला वाजवला. साथ करणाऱ्यालाही इज्जत असते, हे त्यांनी भांडून नाही, वाजवून पटवले.

कानात पडलेले पहिले बोल

9 मार्च 1951 रोजी झाकीर यांचा जन्म माहीम इथे झाला. त्यांनी स्वतः अनेक मुलाखतींत सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे. बाळ घरी आले. रिवाजाप्रमाणे बापाने बाळाला जवळ घेऊन कानात दुआ म्हणायची. अल्लारखांनी बाळाच्या कानाशी तोंड नेले आणि तबल्याचे बोल म्हणू लागले. अम्मी बावी बेगम नाराज झाल्या. हे काय करता, दुआ म्हणायची असते. त्यावर अब्बाजींचे म्हणणे असे की माझी दुआ हीच आहे. पुढे त्यांनी सरस्वती आणि गणपती यांचेही नाव घेतले. ही विद्या मला उस्तादांकडून ज्या वाटेने मिळाली ती मी मुलाला देतो, असा त्यांचा भाव होता. हे सांगताना झाकीरभाई हेही आवर्जून सांगत की आपले वडील श्रद्धाळू मुसलमान होते.

हे वाचताना आपल्यातल्या अनेकांना अडखळायला होईल, आणि ते स्वाभाविक आहे. अकीद्याच्या बाबतीत आपण जपून असतो, असावेही. पण गोष्ट कोणत्या संदर्भातली आहे तेही पाहायला हवे. पखवाजाची जुनी विद्या मंदिरांशी जोडलेली आहे. तिच्या रचनांमध्ये देवदेवतांची स्तुतीही असते. मुसलमान उस्तादांनी शेकडो वर्षे ती विद्या अमानत म्हणून सांभाळली, वाढवली, आणि जिथून आली त्याचा अदब राखला. नमाज त्यांची स्वतःची होती आणि विद्येचा अदबही त्यांचाच होता. एकामुळे दुसरे बाद होते असे त्यांना वाटले नाही. आपण त्यांच्याशी सहमत व्हायलाच हवे असे नाही. पण ते बेपर्वा नव्हते, हे मान्य करायला हरकत नसावी.

नावाचीही एक हकिकत झाकीरभाई सांगत. जन्माच्या सुमारास वडील आजारी होते. एका फकिराने अम्मीला सांगितले, मुलाचे नाव झाकीर हुसेन ठेव आणि त्याला काही वर्षे इमाम हुसेन यांचा फकीर कर. म्हणून घराण्याचे आडनाव कुरेशी असूनही मुलगा झाकीर हुसेन झाला. मोहरमात हिरवे कपडे घालून, झोळी घेऊन तो शेजाऱ्यांच्या दारी जाई. आपल्याकडे गावोगावी लहान मुलांना मोहरमचा फकीर करण्याची मन्नत अजून ऐकायला मिळते, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला परकी वाटणार नाही. "जाकिर" म्हणजे जिक्र करणारा. मजलिशीत करबलाची आठवण सांगणाऱ्यालाही जाकिर म्हणतात.

पहाटे तीन ते शाळेची घंटा

झाकीर साधारण सात वर्षांचे असताना तालीम सुरू झाली. वेळ पहाटे तीन. अब्बाजी उठवत. तबला समोर असला तरी सुरुवातीला हात कमी चाले, तोंड जास्त. बोल म्हणायचे. याला पढंत म्हणतात. धा, धिन, ना, तिन हे बोल आधी जिभेवर आणि मनात पक्के व्हायला हवेत, मगच ते बोटांत उतरतात. अब्बाजी जुन्या उस्तादांच्या हकिकती सांगत, ही रचना कोणाची, कोणी कोणाला दिली, ते सांगत. सहा वाजेपर्यंत हे चाले.

मग मुलगा मदरशात जाई. कुरआन पठण. तिथून सेंट मायकल शाळेत. शाळा चर्चची, त्यामुळे तिथे सकाळची प्रार्थनागीते. मग दिवसभर अभ्यास. म्हणजे एकाच सकाळी तीन प्रकारचे पठण. घरी तालाचे, मदरशात कुरआनचे, शाळेत ख्रिस्ती प्रार्थनांचे. झाकीरभाई म्हणत, की घरी, मदरशात किंवा चर्चमध्ये, यातले काही चूक आहे असे कोणी मला कधी सांगितले नाही.

माहीम ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. इथे हजरत मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकातले हे मोठे आलिम, कुरआनचे भाष्यकार. डिसेंबरात त्यांचा उरूस भरतो, तेव्हा मुंबई पोलिसांकडून संदल येतो. चालत जाता येईल इतक्या अंतरावर सेंट मायकल चर्च, जिथे बुधवारच्या प्रार्थनेला सर्व धर्मांचे लोक रांग लावतात. जवळच शितलादेवीचे मंदिर. मोठ्या शहरात जागा कमी असते, म्हणून लोक एकमेकांच्या अंगावर राहतात. त्यातून भांडणेही होतात आणि ओळखही होते. या मुलाच्या वाट्याला ओळख आली.

पण हेही पाहा. नुसते शहर मुलाला घडवत नाही. त्याच गल्लीत इतर शेकडो मुले राहत होती. फरक पडला तो घरातल्या त्या तीन तासांमुळे. शहराने अनेक दारे उघडी ठेवली. घराने मात्र बसायची एक जागा ठरवून दिली. बाहेर ट्राम, लोकल, बाजार, सिनेमा. आत दिवा लावून बाप आणि मुलगा. कलावंताचा एकांत असा घरच्या कोपऱ्यातही तयार करता येतो, त्यासाठी डोंगरावर जावे लागत नाही.

चिल्ला, अदब आणि वाद्याची रूह

तबल्याच्या दुनियेत "चिल्ला" करण्याची प्रथा आहे. चाळीस दिवस जगापासून दूर राहून फक्त रियाझ. हा शब्द आणि ही मुदत दोन्ही सुफी खानकाहतून आली. खाणे कमी, बोलणे कमी, झोप कमी. ज्यांनी केला ते सांगतात की काही दिवसांनी बोटे दुखायची थांबतात आणि माणूस स्वतःशी झगडायला लागतो. आधी कंटाळ्याशी, मग "मला आता येते" या घमेंडीशी.

या घमेंडीवर अब्बाजींचा इलाज साधा होता. उस्ताद व्हायच्या मागे लागू नकोस, चांगला शागीर्द राहा, एवढेच ते मुलाला सांगत. तीन ग्रॅमी एका रात्रीत मिळाल्या (फेब्रुवारी 2024), पद्मविभूषण मिळाले (2023), तरी झाकीरभाई स्वतःला शिकणारा म्हणवत राहिले, त्याचे मूळ या तालमीत आहे.

दुसरी शिकवण वाद्याबद्दल. प्रत्येक वाद्याला रूह असते, ते तुम्हाला स्वीकारेल तेव्हाच बोलेल, असे अब्बाजी सांगत. लहान वयात झाकीर रेल्वेने मैफिलींना जात तेव्हा आरक्षण नसे, बसायला जागा नसे. डब्यात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून झोपायचे आणि तबला मांडीवर घ्यायचा, कोणाचा पाय लागू नये म्हणून. आपण पुस्तकाला पाय लागला की उचलून डोळ्यांना लावतो. तोच हा अदब.

आणि वाद्य घडवणारा? झाकीरभाईंचे तबले वर्षानुवर्षे मुंबईत एक मराठी कारागीर घडवत असे, मूळचा मिरजेचा. चामडे निवडणे, शाई चढवणे, वादी ओढणे, प्रत्येक काम हाताचे. एका मुसलमान उस्तादाचा जगभर गाजलेला नाद एका मराठी हिंदू घराण्याच्या पिढीजात कसबातून येत होता. आपल्या राज्यात हे नवे नाही, पण मुलांना सांगायला हवे.

मग दीनचे काय?

आता मूळ प्रश्नाकडे. संगीत, विशेषतः वाद्ये, याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ते आजचे नाहीत. अनेक आलिम दफ सोडून इतर वाद्यांना परवानगी देत नाहीत. दुसरीकडे इमाम गझाली यांनी आपल्या "इह्या"मध्ये समाअवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि ऐकणाऱ्याची नियत, ऐकण्याची जागा, सोबतचे लोक, काय ऐकतो, असे बारकावे त्यात तपासले. चिश्ती बुजुर्गांनी समाअ जपला. हजरत निजामुद्दीन औलिया यांना याच मुद्द्यावर तुघलकाच्या दरबारात जाब द्यावा लागला होता. म्हणजे हा वाद सातशे वर्षे तरी आपल्यासोबत चालत आला आहे. एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजने तो मिटणार नाही.

ज्या घरात संगीत नको आहे, त्या घराचा निर्णय आदराने घ्यावा. ज्या घरात आहे, त्याच्यावर गुमराहीचा शिक्का मारू नये. गेलेल्या माणसाचा हिशोब अल्लाहकडे आहे. आपल्या हातात मगफिरतची दुआ आहे आणि त्याच्या जगण्यातून जे घेण्यासारखे आहे ते घेणे आहे.

घेण्यासारखे काय? शिक्षक म्हणून मला यातली सर्वांत मोठी गोष्ट तबल्याची वाटत नाही, पहाटे तीनची वाटते. आज आपल्या घरांत हुशार मुले कमी नाहीत. कोणाचे गणित चांगले, कोणाचा आवाज किरातसाठी सुंदर, कोणी चित्र काढतो, कोणी क्रिकेट खेळतो. आपण त्यांना क्लास लावतो, फी भरतो, मोबाइल घेऊन देतो. पण रोज ठरलेल्या वेळी त्यांच्या शेजारी बसणारा बाप किती घरांत आहे? अल्लारखा परदेश दौरे करणारे कलावंत होते. तरी घरी असले की मुलासाठी ते स्वतः उठत. "जा, रियाझ कर" म्हणून आपण झोपून राहत नसत.

अम्मीची बाजूही विसरू नये. मुलाने शिकावे, इज्जतीची नोकरी करावी, असे बावी बेगमना वाटे. कलावंताच्या घरातली तंगी त्यांनी पाहिली होती. त्यांची काळजी खोटी नव्हती. म्हणून शाळा सुटली नाही, पुढे सेंट झेवियर्स कॉलेजही झाले. बापाचा ध्यास आणि आईची काळजी, दोन्ही मिळून मूल घडले. एकट्या ध्यासाने कदाचित मूल मोडले असते.

3 फेब्रुवारी

फेब्रुवारी 2000 मध्ये या घरावर मोठा आघात झाला. मुलगी रजिया मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेदरम्यान वारली. ती बातमी कळल्यावर अल्लारखांना हृदयविकाराचा झटका आला आणि 3 फेब्रुवारीला तेही गेले. बाप-लेक एका दिवसाच्या आत.

त्यानंतर झाकीरभाई दरवर्षी जगात कुठेही असले तरी 3 फेब्रुवारीला मुंबईत येत. षण्मुखानंद सभागृहात अब्बाजींची बरसी होई, पहाटेपासून रात्रीपर्यंत. देशोदेशीचे तालवादक येत. ढोल, पखवाज, मृदंगम्, घटम्, विदेशी ड्रम, सगळे एका मंचावर. मोठी नावे आणि नवखी पोरे एकाच दिवशी वाजवत. झाकीरभाई स्वतः अनेकदा बाजूला बसून दुसऱ्यांचे ऐकत, मान डोलावत. घरात बरसीला आपण कुरआनखानी ठेवतो, लोकांना जेवू घालतो. त्यांनी वडिलांकडून मिळालेली विद्या त्या दिवशी शहराला वाटली.

त्यांचे दफन कॅलिफोर्नियात झाले, माहीमपासून हजारो मैल दूर. पण शागीर्द इथे आहेत, आणि मुंबईतल्या कितीतरी लहान घरांत आजही एखादे मूल पहाटे डोळे चोळत तबल्यापुढे बसते. तुमच्या घरातल्या मुलाला कोणत्याही चांगल्या गोष्टीचा नाद असेल, तर उद्या सकाळी अर्धा तास आधी उठा आणि त्याच्या शेजारी बसा. काही शिकवता आले नाही तरी चालेल. फक्त ऐका.

अल्लाह मरहूमांची मगफिरत फर्मावो. आमीन.